कंपनीतून मिळालेला नारळ

तुम्ही ज्या घरात राहता ना, ते चुकलेलं आहे. रागावू नका, माझंही चुकलेलंच आहे! चौकोनी खोल्या बांधायच्या, कोपऱ्यांत जळमटं सांभाळायची, भिंती उन्हात तापवायच्या आणि मग त्या गार करायला एसी आणायचा. म्हणजे आधी भट्टी बांधायची आणि मग तिच्यात बर्फ टाकत बसायचं! हे सगळं मला फार लवकर कळलं. तसं मला बऱ्याच गोष्टी लवकर कळतात. मी चेतन, एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करतो. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात माझा हात धरणारा पुण्यात कुणी नाही, आणि पुण्यात ही स्पर्धा किती अवघड आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

आमचं बिऱ्हाड बिबवेवाडीत, भाड्याच्या खोलीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात आमच्या डोक्यावरचा स्लॅब असा तापतो की बायको म्हणते, खाली तवा ठेवायचं कामच नाही, पोळी छताला चिकटवावी! ही माझी बायको कल्याणी. स्वतःची नोकरी सांभाळून, डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून स्वयंपाक करणारी आणि तरीही माझ्यावर हसू शकणारी बाई.

आणि एके दिवशी मला ते घर सापडलं! चाकणकडच्या एका कारखान्यात तयार होणारं. चक्क अंड्याच्या आकाराचं! कोपरा एकही नाही. भिंती जाड फोमच्या, त्यामुळे बाहेरचं ऊन आत येत नाही आणि आतला गारवा बाहेर जात नाही. पाठीवर सोलर. दार लावलं की घर डब्यासारखं गच्च बंद. आतली हवा खराब झाली की टाळूवरची खिडकी आपोआप उघडते. आमचा कूलर जेवढी वीज खातो तेवढ्यात त्या घराचा अख्खा संसार चालतो! ट्रेलरवरून आणायचं, क्रेनने ठेवायचं, वायर जोडायची, राहायला जायचं. बाहेरून पांढरंशुभ्र. आतला रंग मी स्वतः निवडला, सूर्यफुली पिवळा. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असेल.

पुण्यात अंड्यात राहणारा पहिला माणूस मी असणार होतो!

अडचण एकच होती. अंडं ठेवायचं कुठे? खोलीच्या गच्चीवर ठेवतो म्हटलं तर घरमालकांनी "कोंबडीपण आणणार का?" एवढंच विचारून दार लावून घेतलं.

मग उरले आण्णा. आण्णा म्हणजे कल्याणीचे वडील, गेनबा. अख्खं पिसोळी गाव त्यांना आण्णा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. एके काळी त्यांची शेती होती. आता गाव महापालिकेत गेलं, शेताच्या चहूबाजूंनी टॉवर उगवले आणि आण्णांकडे हमरस्त्याला लागून जमिनीची एक पट्टी तेवढी राहिली. गाड्या धुण्याचं सेंटर काढणारा एक माणूस त्या पट्टीसाठी रोज त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. कल्याणीने ती जागा मागितली तेव्हा आण्णांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"घर उबं करा. भावकीला जेवाय घाला. वास्तुशांत झाली की त्याच दिशी समद्यांच्या म्होरं जागा पोरीच्या नावावर करतो म्हून सांगतो. पर पावणं, भावकीत माजी मान खाली गेली न्हाय पायजे. गेली, तर सोमवारी गाड्या धुणाऱ्याला हो म्हननार!"

बस! स्वतःचं घर आणि आमच्यामध्ये आता फक्त एक पूजा आणि एक जेवण होतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच सासरच्या ग्रुपवर जाहीर केलं, "रविवारी आण्णांच्या जागेवर अंडं येतंय! सहकुटुंब यायचं, जेवूनच जायचं!"

थोड्याच वेळात आण्णांचा फोन आला.

"पावणं, माज्या गळ्यात काय हाय?"

"माळ आहे, आण्णा."

"कशाची?"

"तुळशीची."

"आन माज्या जागंवर काय येतंय?"

"अंड..." मी जीभ चावली. सासरी सगळे माळकरी. त्या घरात अंड्याचा टेम्पो समोरून गेला तरी खिडकी लावून घेतात! मी घाईघाईने म्हणालो, "आण्णा, ते खायचं अंडं नाही, राहायचं आहे!"

"अंड्यात कोन ऱ्हातं?"

"मी आणि कल्याणी."

"अंड्यात पिल्लू ऱ्हातं, पावणं." आण्णांनी निकाल दिला. "त्ये नाव परत तोंडातनं काडायचं न्हाय. नारळ म्हना. गोल हाय, शुभ हाय, पूजंला चालतो. आजपासनं त्यो नारळ!"

आता मला सांगा, यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? त्या दिवसापासून आमचं घर नारळ झालं.

पहिला दणका अभिनव गुरुजींना बसला. हे तरुण गुरुजी, कानात सतत ब्लूटूथ, बोलणं मात्र सदाशिव पेठेतलं. फोनवर म्हणाले, "बाकी साहित्य मी आणतो. तुमच्याकडे नारळ किती आहेत?"

"एकच. पण बावीस फुटी!"

"चेतनराव, मी पूजा सांगतो. सर्कशीची कामं घेत नाही."

त्यांची समजूत काढली. दुसरा दणका मात्र कुणाला बसला तेच मला कळलं नाही. शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत असताना आण्णांचा फोन आला. पिसोळीत रेंजची बोंब, त्यामुळे मी उभा राहून ओरडत होतो, "हो आण्णा, पक्कं! कंपनीतून नारळ मिळतोय! उद्या सह्या झाल्या की विषय संपला! रविवारी तुमच्याकडेच येतोय, कायमचा!"

कँटीनमधले चमचे थांबले.

मराठी माणसाला नारळ मिळणं म्हणजे काय, हे मी समजावून सांगायला नको. नोकरीवरून गच्छंती! पण माझ्या डोळ्यांसमोर नारळ म्हणजे फक्त ते पांढरंशुभ्र घर! कंपनी म्हणजे ते घर बनवणारी कंपनी!

शेजारच्या टेबलावरची शेफाली हळूच जवळ आली. "सर, आर यू ओके?"

"एकदम मस्त! किती दिवस वाट बघत होतो मी याची!"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती पॉझिटिव्ह आहात, सर!" मग एकाने मला स्वतःच्या ताटातला गुलाबजाम दिला. दुसऱ्याने चाचरत विचारलं, "सर, तुमची ती पाठ टेकायची खुर्ची मी घेऊ का?" मी आनंदाच्या भरात होतो. म्हटलं, "घे ना! मला आता काय करायचीय!" काय गोड लोक आहेत आपल्या ऑफिसात, असं म्हणतच मी घरी आलो. आमचे साहेब उत्तरेश्वर सर त्या दिवशी दौऱ्यावर होते, नाहीतर त्यांनीही काहीतरी गोड दिलं असतं.

तिकडे पिसोळीत सासूबाई, सुंदराबाई, घरोघरी आमंत्रण करत फिरत होत्या. नवऱ्याने घालून दिलेला नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. "आमच्या जावयांना कंपनीतून नारळ मिळाला बरं का! रईवारी समद्यांनी यायचं! जेवायलाच!"

भावकीतल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. काय काळीज म्हणायचं या माउलीचं! जावयाची नोकरी गेली आणि ही पंगत घालतेय!

रविवारी सकाळी आमचं घर कात्रज-कोंढवा रस्त्यावरून ट्रेलरवर बसून निघालं. पुढे मी स्कूटरवर. त्या रस्त्यावर साधी सायकल अडकते, तिथे बावीस फुटी अंडं! पण मी इतका खूश होतो की मला ती वरात वाटत होती. एक काका गाडीची काच खाली करून म्हणाले, "अहो, कोंबडी मागून येतेय का?" दुसऱ्याने विचारलं, "उकडलेलं आहे की कच्चं? कच्चं असेल तर खड्डे बघून चालवा." मी सगळ्यांना हात करत होतो.

क्रेनने घर जागेवर अलगद ठेवलं. कल्याणीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. "अहो, आपलं घर!" एवढंच म्हणाली. आण्णा मात्र घराभोवती एक फेरी मारून आले आणि कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

"पावणं, ह्ये तर सोललेलं अंडं दिसतंय."

"आण्णा, नारळ म्हणायचं ठरलंय ना?"

"नारळाला शेंडी कुटं हाय?" असं म्हणून त्यांनी काथ्याचा भलामोठा झुबका मागवला, क्रेनवाल्याला वर चढवला आणि घराच्या टाळूवर, बरोब्बर त्या आपोआप उघडणाऱ्या खिडकीवर, झकास शेंडी बसवली. "आता झाला नारळ!"

भावकी जमायला लागली. मला वाटलं होतं, नवं घर बघून लोक हसतील, विचारपूस करतील. पण हे सगळे सुतकी चेहऱ्याने! एक मामा मला पोटाशी धरून म्हणाले, "धीर सोडू नका, पावणं." एका मावशींनी ज्वारीचं पोतंच आणलं होतं. "चार दिस तरी निभतील," म्हणाल्या. मला वाटलं, इकडे नव्या घराला धान्य द्यायची पद्धत असेल. मी खदाखदा हसून म्हणालो, "वा! भारी पद्धत आहे तुमच्याकडे!" भावकीतले सगळ्यांत वडीलधारे थोरले काका शेजारच्याला पुटपुटले, "धक्का बसलाय पोराला. उगं हसतंय."

इतक्यात अभिनव गुरुजी आले. आत शिरले, गर्रकन एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "ईशान्य कोपरा कुठे आहे?"

"कोपराच नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

"वास्तुपुरुषाचं डोकं ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला. असा तो आडवा होतो. तुमच्याकडे आडवा झाला तर घरंगळेल हो!"

शेवटी त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढून भिंतीवर खडूने एक ठिपका काढला. "हा कोपरा समजा. मीही समजतो." पूजा सुरू झाली. होम पेटला. वाऱ्याने ज्वाळा फडफडायला लागली तसे गुरुजी म्हणाले, "दार लावा."

कल्याणीने दार लावलं. घर डब्यासारखं गच्च!

साजूक तूप, समिधा, आणि धूर जायला केसाएवढीही फट नाही. गुरुजी दिसेनासे झाले, नुसते मंत्र ऐकू येत होते. मग तेही खोकत यायला लागले. मी निर्धास्त होतो. माझं घर हुशार आहे, हे मला माहीत होतं ना! "घाबरू नका," मी अंधारात ओरडलो, "हवा खराब झाली की घर स्वतःच खिडकी उघडतं!"

आणि उघडली! फाट्कन! शेंडी सुटली ती तीरासारखी वर गेली आणि थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडली. आम्ही खोकत बाहेर धावलो. बघतो तर काय, भर उन्हात पांढरंशुभ्र अंडं, शेंडी नाही काही नाही, टाळूतून वाफा निघतायत, आणि उघड्या दारातून आतला पिवळा बलक दिसतोय! समोर मांडव, मांडवात माणसं. तुपाचा वास हमरस्त्यावर पसरलेला.

करकचून एक गाडी थांबली. आतून एक तरुण उतरला. "नवीन ओपनिंग का? दोन भुर्जी आणि एक हाफ फ्राय!"

भावकी जागच्या जागी थिजली. पाठोपाठ दुसरी गाडी. "ऑम्लेट मिळेल ना?"

"माळकऱ्याच्या जागंवर भुर्जी!" मागून कुणीतरी म्हणालं. मी आण्णांकडे बघितलं. त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला होता आणि मान, जी खाली जायला नको होती, ती सावकाश खाली चालली होती. गेलं! डोळ्यांपुढे माझ्या घराच्या जागी गाड्या धुणारा पाइप घेऊन उभा राहिला.

तेवढ्यात कल्याणीने पदर खोचला. "भुर्जी नाही मिळणार दादा. गरम शिरा आहे, पुरी-भाजी आहे. आज घरचं कार्य आहे, या, जेवून जा!"

"चालेल की!" तो तरुण म्हणाला आणि धूर ओसरलेल्या घरात मित्रांना घेऊन जाऊन बसला. लगेच आतून आवाज, "काय गार आहे रे! एसी कुठला लावलाय?" मी धावत जाऊन सांगितलं की एसी नाहीच, भिंती तशा आहेत! मग काय, जो तो भिंतींना हात लावून बघायला लागला. गाड्या थांबत गेल्या. मी पुऱ्या वाढतोय, घराचं शास्त्र सांगतोय, लोक बोटं चाटत ऐकतायत. असा श्रोता मला ऑफिसातही कधी मिळाला नव्हता!

बाहेर थोरल्या काकांना राहवलं नाही. "गेनबा, जावयाची नोकरी गेली ती लपवतुयास कशापायी? आमी काय परके हाय?"

"कुनाची नोकरी गेली?" आण्णा चमकले. "कुनी सांगितलं?"

"तुज्याच बायकुनं! कंपनीतनं नारळ मिळाला म्हनली!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गुलाबजाम, खुर्ची, ज्वारीचं पोतं! मला हसू आवरेना. "अहो काका, नारळ म्हणजे हे घर! नोकरी शाबूत आहे माझी!" आणि नशीब बघा, त्याच क्षणी उत्तरेश्वर सरांचा फोन आला. मी विजयी मुद्रेने मोबाइल उंच धरला. "हे बघा! साहेबांचा फोन! रविवारीसुद्धा फोन येतोय म्हणजे नोकरी आहे ना?" आणि स्पीकर लावला.

"चेतन, आत्ता विमानातून उतरतोय," सर म्हणाले. अख्खी भावकी कान देऊन ऐकत होती. "ऑफिसच्या ग्रुपवर वाचलं, तुला नारळ दिला म्हणे! अरे, मला विचारलंसुद्धा नाही कुणी! फार वाईट वाटलं. तू खुर्चीही देऊन टाकलीस? मनाला लावून घेऊ नकोस. आणि हो, लॅपटॉप तेवढा उद्या जमा कर."

"सर, सर, ऐका..."

फोन कट.

आण्णा सावकाश माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, येवढं आभाळ कोसळलं, आन तुमी हासत हासत पुऱ्या वाडताय?"

"आण्णा, देवाशप्पथ, नोकरी आहे माझी!"

"आसंच म्हनायचं आसतं," ते मायेने म्हणाले आणि भावकीकडे वळले. "आईका समदे! ही जागा आजपासनं माज्या कल्याणीची!"

टाळ्या! मी जागेवरच उडी मारली! घर! स्वतःचं घर!

"आन माजा जावई आता कुनाच्या दारात नोकरी मागाय जानार न्हाय! ह्या नारळात उद्यापासनं माज्या पोरीचं शिरा-पुरीचं हाटेल! ह्यो गेनबाचा शब्द हाय!"

आधीपेक्षा मोठ्या टाळ्या! थोरल्या काकांनी तर डोळे पुसले. मी केविलवाणा होऊन कल्याणीकडे बघितलं. ती तरी नाही म्हणेल! ती आतल्या गिऱ्हाइकांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत अशी चमक होती, जी मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"गुरुजी," तिने विचारलं, "गॅसची शेगडी आग्नेय कोपऱ्यातच लागते का हो?"

"कोपराच नाही म्हणाले ना तुमचे यजमान," गुरुजी पुरी मोडत म्हणाले. "कुठेही ठेवा."

सोमवारी ऑफिसात सगळा उलगडा झाला. नोकरी होतीच. खुर्ची मात्र परत मिळाली नाही, "तुम्हीच म्हणालात सर, मला काय करायचीय!" मी नोकरीचं पत्र घेऊन आण्णांकडे गेलो. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून बघितलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. पर शबुद दिलाय भावकीत. आता मोडला तर मान खाली जाईल न्हवं?"

तर हाटेल धडाक्यात चालू आहे. विजेचं बिल जवळजवळ नाहीच. घर इतकं गार, की आत बसलेलं गिऱ्हाईक उठायचं नाव घेत नाही. कल्याणीने तिची नोकरी सोडली, ती पहाटे पिसोळीला जाते आणि संध्याकाळी तुपाच्या वासासकट बिबवेवाडीला परत येते. हो, बिबवेवाडीलाच. त्या तापलेल्या स्लॅबखाली. दुसरीकडे राहणार कुठे?

गेल्या रविवारी मी ठरवलं, आज काही झालं तरी माझ्या घरात पाच मिनिटं निवांत बसायचंच! गेलो. रांग रस्त्यापर्यंत. मी सरळ दाराकडे चालायला लागलो, तर रांगेतल्या पहिल्या गृहस्थांनी हात आडवा घातला.

"अहो," मी ताठ मानेने म्हणालो, "हे माझं घर आहे!"

त्यांनी मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"इथे सगळ्यांनाच घरच्यासारखं वाटतं. रांग मागून आहे."